काविळीची माळ आणि काविळीचे विषाणू
(राधानगरी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



पावसाळा लागला, की आपल्या डोंगराळ भागातील एखाद्या वाडीवर डोळे पिवळे झालेले मूल आढळते. घरची माणसे त्यास पुष्कळदा दवाखान्याऐवजी कावीळ उतरविणाऱ्याकडे नेतात. तो डोक्यावर काड्यांची माळ घालतो. माळ लांबत लांबत छातीवर उतरते आणि मूल बरेही होते. अशा वेळी ‘ही अंधश्रद्धा आहे’ एवढे म्हणून भागत नाही, कारण मूल बरे झालेले साऱ्या गावाने पाहिलेले असते.

माळेचे रहस्य साधे आहे. ओल्या काड्या दोऱ्याच्या गाठींत गुंफलेल्या असतात. त्या वाळून आक्रसल्या, की गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. ती वर्गातील खुंटीस अडकविली, तरीही लांबतेच. चौथीच्या मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर जो पिवळा रंग उतरतो, तो तळहातास आधी चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाचा असतो.

मग मूल बरे कशाने झाले? कावीळ हा एक रोग नव्हे, ते लक्षण आहे. यकृतास सूज आली, की पित्तातील पिवळे द्रव्य रक्तात साठते आणि डोळ्यांत व लघवीत दिसू लागते. ही सूज आणणारे मुख्य विषाणू पाच आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. पैकी ए आणि ई हे मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून व अन्नातून येतात आणि त्यांचा आजार बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. माळ घालणाऱ्याचे सारे यश हे ह्या दोघांचे देणे आहे.

ई विषाणूचा शोध कसा लागला, ते ऐकण्यासारखे आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात गटाराचे पाणी शिरून दिल्लीत सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. ती ए विषाणूची असावी, असेच तेव्हा मानले गेले. परंतु रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. १९८० साली ते पुन्हा तपासले, तेव्हा कारण ए नव्हे, असे दिसून आले. १९८३ मध्ये बलायन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः गिळून आजार ओढवून घेतला आणि नवा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला! पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांचे सहकारी ह्यांनी भारतातील पाण्यातून पसरलेल्या अनेक साथींचे नमुने तपासले. बहुतेक साथी ई विषाणूच्याच निघाल्या.

ही गोष्ट दूरची समजू नये. २०१२ साली आपल्याच जिल्ह्यात इचलकरंजीस काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले आणि काही दगावले. राधानगरीच्या धरणातून निघणारी आपली भोगावती पुढे पंचगंगा होते, आणि इचलकरंजी तिच्याच काठी वसलेली आहे. नदीवर शेवटची वस्ती कोणाचीच नसते.

ई विषाणू गरोदर स्त्रीस मात्र सोडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत बाधा झाली, तर शंभरात वीस-पंचवीस स्त्रिया दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर माळेसाठी एक दिवसही दवडू नये. एरवी ए व ई ह्यांवर विश्रांती, भरपूर पाणी आणि नेहमीचा आहार एवढेच बहुधा पुरते. रुग्णास उपाशी ठेवण्याची आपल्याकडील रीत अपायकारक आहे. झाडपाल्याच्या काही औषधांनी तर दुबळ्या यकृतास अधिकच इजा होते.

बी आणि सी ह्यांची जात निराळी. ते रक्तातून, दूषित सुईतून, आणि बी तर जन्मतःच आईकडून मुलास येतो. कित्येकदा डोळे पिवळे न करता ते वीस-तीस वर्षे यकृतात दडून बसतात आणि शेवटी यकृत कठीण होते किंवा कर्करोग होतो. येथे माळ घालावयाची कोणत्या लक्षणावर? सी विषाणूचा शोध १९८९ साली लागला. आज सोफोसबुविर व डॅक्लाटास्विर ह्या गोळ्या साधारणतः बारा आठवडे घेतल्याने शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. बी मात्र औषधाने बहुधा दबतो, समूळ जात नाही. पण त्यावर लस आहे आणि तिची पहिली मात्रा बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी व सी ह्यांची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात. पालकसभेत हे सांगावे. गावात पुष्कळांस ते ठाऊक नसते. जत्रेत एकाच सुईने गोंदून घेण्याचा धोकाही त्याच वेळी सांगावा.

शाळेपुरते पाहावयाचे, तर टाकीत टीसीएल पावडर पडते की नाही, हे आरोग्यसेवकाकडून ओ. टी. चाचणी मुलांसमोर करवून पाहावे. पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन आहे. पोषण आहारापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुतले जावेत. वर्गातील दोन-तीन मुलांचे डोळे एकाच आठवड्यात पिवळे दिसले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. आणि ज्याच्या आईस वा बापास बी विषाणूची बाधा आहे, त्या मुलास कोणी वेगळे बसवू लागले, तर ते होऊ देऊ नये. एका पंगतीत जेवल्याने अथवा एका बाकावर बसल्याने तो विषाणू लागत नाही.