चूक एकाची, दंड दुसऱ्याला

(निमोणे, ता. शिरूर येथे व्यापारी, लघुउद्योजक व शेतकरी बांधवांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



करासारख्या विषयावर बोलण्यासाठी आपण सनदी लेखापालाला न बोलावता एका पत्रकाराला बोलावलेत, याचे प्रथम मला नवल वाटले. मी कला शाखेचा पदवीधर. मग विचार केला, हेही योग्यच आहे. कायदा ज्याने पाळायचा तो दुकानदारही लेखापाल नसतो. जो नियम चार वेळा वाचूनही सामान्य शिकलेल्या माणसाला उमगत नाही, त्या नियमात दोष आहे असे म्हणण्याचा अधिकार त्या माणसाला असला पाहिजे. त्या अधिकाराने मी बोलणार आहे.

कर देणे ही आपल्या भूमीला नवी गोष्ट नाही. याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे तेथे उत्खनन केले, डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांच्यासारखे विद्वान त्या कामात होते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते घर गावप्रमुखाचे असावे आणि गावकऱ्यांकडून कररूपाने आलेले धान्य त्या कोठारात साठवले जात असावे, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. म्हणजे घोडेच्या खोऱ्यातील माणूस तीन सहस्रकांपासून कर देत आला आहे. फक्त त्याने दर महिन्याच्या वीस तारखेच्या आत धान्याचे विवरणपत्र भरले नसणार, एवढे निश्चित!

विनोद सोडून देऊ. पण मुद्दा तोच आहे. कर मोजण्याचे काम कोणी करायचे? शहरांत जकात होती तेव्हा नाक्यावर महापालिकेचा माणूस बसत असे. त्या पद्धतीत रांगा होत्या, चिरीमिरी होती, हे कोणी नाकारणार नाही. पण माल मोजणे, दर लावणे, पावती फाडणे हे काम कर घेणाऱ्याचे होते. एप्रिल २०१३ मध्ये पुण्यात जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. नाका गेला आणि नाक्यावरच्या कारकुनाचे काम दुकानदाराच्या गल्ल्यावर आले. पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तेव्हा दुकाने बंद ठेवली. वृत्तपत्रांनी मथळे दिले की व्यापाऱ्यांना कर नको आहे. प्रत्यक्षात त्यांचा मोठा आक्षेप होता तो नव्या नोंदींना, नव्या विवरणपत्रांना आणि दुकानात येऊन दप्तर उघडणाऱ्या आणखी एका खात्याला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना राज्य सरकारने त्या करातून मोकळे केले. तो निर्णय न्यायाचा होता.

आपला व्यापारी हिशेबाला भितो, असे म्हणणाऱ्यांनी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेत एक फेरी मारावी. जो समाज वहीला हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिल्याशिवाय आकडा मांडत नाही, त्याला कीर्द-खतावणीचे वावडे कसे असेल?

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला. केंद्र आणि राज्यांचे सतरा कर आणि तेरा उपकर त्यात विलीन झाले, मुंबईची जकात संपली, राज्यांच्या सीमेवर ताटकळणारे ट्रक मोकळे झाले. एक देश, एक बाजार ही राष्ट्रीय एकात्मतेची आर्थिक बाजू आहे आणि तिचे स्वागत आपण सर्वांनी मनापासून केले. ते आजही आहे. परंतु सुधारणेचे स्वागत करणाऱ्यानेच तिचे काटे दाखवायचे असतात; विरोधकाने दाखवले तर ते राजकारण ठरते.

आपल्या गावातील कृषी सेवा केंद्राचेच पाहा. दुकान एक, पण परवाने तीन: बियाण्यांचा वेगळा, खतांचा वेगळा, कीटकनाशकांचा वेगळा. पेरणीच्या बियाण्याला कर नाही, रासायनिक खताला पाच टक्के, रासायनिक कीटकनाशकाला अठरा टक्के. अनुदानित खताचे पोते विकताना शेतकऱ्याची आधार पडताळणी करून यंत्रावर नोंद करायची, साठ्याची नोंदवही ठेवायची, तीच विक्री पुन्हा जीएसटीच्या हिशेबात योग्य त्या एचएसएन क्रमांकाखाली दाखवायची. खते-बियाण्यांच्या हंगामात समोर दहा शेतकरी उभे असतात, वीज येते-जाते, यंत्राला रेंज मिळत नाही. त्या गर्दीत हा माणूस एकाच विक्रीची दोन सरकारी दालनांत दोनदा वर्दी देत असतो. दोन्ही दालने सरकारचीच. ती एकमेकांशी बोलत मात्र नाहीत.

आता रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला जोडकाम करून देणारा एखादा फॅब्रिकेशनवाला घ्या. दोन कामगार, एक वेल्डिंग मशीन, वर्षाची उलाढाल साठ-सत्तर लाख. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीसाठी जानेवारी २०२१ पासून तिमाही विवरणपत्राची सोय झाली, ती चांगलीच आहे. पण तिचा हिशेब मांडून पाहू. विक्रीची चार विवरणपत्रे, कराची चार, आणि मधल्या महिन्यांची कर भरण्याची आठ चलने. झाली सोळा. त्याचे ग्राहक मोठे कारखाने. त्यांना आपले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, दरमहा हवी असते. ते तीन महिने थांबत नाहीत. मग मधल्या आठ महिन्यांची बिलेही तेरा तारखेच्या आत चढवावी लागतात. झाली चोवीस. यात आयकर धरलेला नाही, वर्षाला अडीच हजारांचा व्यवसाय कर धरलेला नाही. पन्नास कोटींच्या कंपनीलाही विवरणपत्रे याहून फार अधिक नसतात. पण तिच्याकडे ती भरायला स्वतंत्र विभाग असतो. आपल्याकडे वेल्डिंगचा मुखवटा बाजूला ठेवून हाच माणूस मोबाईलवरचा ओटीपी सल्लागाराला सांगतो.

यावर कोणी म्हणेल, आपसमेळ योजना घ्या. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला एक टक्का कर, तिमाहीला एक चलन-विवरण, वर्षाला एक विवरणपत्र. किराणा दुकानदाराला ती खरोखर सोयीची आहे. पण त्या योजनेतील माणसाला बिलात कर दाखवता येत नाही आणि त्याच्या ग्राहकाला वजावट मिळत नाही. कारखान्याचा खरेदी अधिकारी अशा बिलाला हात लावत नाही. म्हणजे फॅब्रिकेशनवाल्यापुढे दोनच वाटा राहतात: चोवीस वेळा वर्दी द्या, नाहीतर काम सोडा. काम सुटले की ते चाकणच्या किंवा पुण्याच्या एखाद्या मोठ्या पुरवठादाराकडे जाते आणि ज्या पोराने गावात वर्कशॉप काढले तो त्याच कारखान्याच्या दारात कंत्राटी कामगार म्हणून उभा राहतो. गावात उद्योग टिकतो की नाही, हे अशा कागदांवर ठरते.

तरीही मी म्हणेन, कागद सहन होतील. सहन होत नाही तो दुसऱ्याच्या चुकीचा दंड.

समजा, या वर्कशॉपवाल्याने एक लाखाचे लोखंड घेतले. वर अठरा हजार कर दिला, बँकेतून दिला, पक्के बिल घेतले. विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात चढवलेच नाही, तर २०२२ पासून खरेदीदाराला वजावट दिसतच नाही. बिल चढवले पण कर बुडवला, तर घेतलेली वजावट पुढच्या नोव्हेंबरअखेर परत करायची. मुदत चुकली की अठरा टक्के दराने व्याज. विक्रेत्याने पुढे कधी भरणा केला तर ती पुन्हा घेता येते, अशी तरतूद आहे. पण तो दुकान गुंडाळून पसार झाला असेल तर? अठरा हजार एकदा त्याला दिले, दुसऱ्यांदा सरकारला द्यायचे.

हा प्रश्न महाराष्ट्राने जीएसटीच्या आधीच पाहिला आहे. एप्रिल २००५ मध्ये आलेल्या मूल्यवर्धित कर कायद्यात कलम ४८(५) होते: शासनाच्या तिजोरीत प्रत्यक्ष जमा झालेल्या करापुरतीच वजावट. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंग या उद्योगाने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. मे २०१२ मध्ये न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. विक्रेत्याकडून वसुली झाली की खरेदीदाराला परतावा देऊ, असे तेव्हा विक्रीकर खात्याने सांगितले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र २०१७ मध्ये तेथील कायद्याखाली निराळा विचार केला: प्रामाणिक खरेदीदाराला विक्रेत्याच्या अपराधासाठी वजावट नाकारता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिल्लीच्या त्या जुन्या कायद्याखालील प्रकरणात प्रामाणिक खरेदीदाराची बाजू उचलून धरली. जीएसटी कायद्याच्या कलम १६ मध्ये मात्र जुनीच अट शब्दांत कायम आहे. न्यायालयांनी एकेका प्रकरणात दिलासा द्यावा आणि वर्कशॉपवाल्याने त्यासाठी वकील लावावा, हा मार्ग नव्हे. दुरुस्ती कायद्यातच व्हायला हवी.

विक्रेत्याला नोंदणी दिली ती सरकारने. त्याचा पत्ता, बँक खाते, आधार हे सारे सरकारजवळ. त्याला पकडण्याचे सामर्थ्य सरकारजवळ. आणि दारोदार फिरून ‘बाबा रे, विवरणपत्र भर’ म्हणून विनवणी करायची ती निमोण्याच्या वर्कशॉपवाल्याने! बिल चढवलेले, रक्कम बँकेतून दिलेली आणि माल प्रत्यक्ष आलेला, इतके सिद्ध झाले की वसुलीचा रोख विक्रेत्याकडे वळला पाहिजे. बनावट बिलांची साखळी चालवणारे ठग आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना सोडा असे कोणीच म्हणत नाही. पण ठगाच्या शोधात सापडलेल्या पहिल्या साध्या माणसाला वेठीला धरणे याला तपास म्हणत नाहीत.

कौटिल्याइतका हिशेबाला काटेकोर माणूस क्वचितच झाला असेल. ‘अर्थशास्त्रा’त आषाढी पौर्णिमेपर्यंत हिशेब घेऊन यावे असा दंडक आहे आणि दिरंगाईला दंडही आहे. तो दंडक राजाच्या अधिकाऱ्यांसाठी होता. पण त्याच प्रकरणात पुढे आणखी एक तरतूद आहे: हिशेब देणारा हजर झाला आणि तपासणाराच सिद्ध नसला, तर शिक्षा तपासणाऱ्याला. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये विवरणपत्राच्या मुदतीच्या ऐन तोंडावर जीएसटीचे संकेतस्थळ बंद पडले. शासनाने दोन दिवसांची मुदतवाढ दिली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण मुदतवाढ ही कृपा म्हणून आली. संकेतस्थळ जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप पुढे, असा हक्क कायद्यात असता तर देशभरातील व्यापारी त्या रात्री पडद्याकडे पाहत बसले नसते.

चांगले झाले तेही सांगितले पाहिजे. प्रारंभी दिवसाला दोनशे रुपये असलेले विलंब शुल्क पन्नासवर आले. व्यवहारच नसेल तर वीस. २०२१ मध्ये त्यालाही मर्यादा घातली गेली; दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला एका विवरणपत्रामागे कमाल दोन हजार. वस्तूंसाठी नोंदणीची मर्यादा २०१९ मध्ये वीस लाखांवरून चाळीस लाख झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू पाच आणि अठरा या दोन दरांत आल्या; ट्रॅक्टर आणि ठिबक संच बारा टक्क्यांवरून पाचवर आले. यातले बरेचसे व्यापारी आणि लघुउद्योजकांच्या संघटनांनी धरलेल्या आग्रहामुळे घडले. पंडित दीनदयाळजींच्या अंत्योदयाचे नाव घेणाऱ्यांनी कर परिषदेच्या दारातही शेवटच्या माणसाची फाईल घेऊन उभे राहिले पाहिजे. सरकार आपण निवडून दिले आहे, म्हणून संकोच करण्याचे कारण नाही.

आपल्या बाजूचेही दोन शब्द. कच्च्या बिलाचा मोह सोडा. कच्चे बिल देणारा आणि मागणारा दोघेही शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराच्या पोटावर पाय देतात. घरातले आणि धंद्याचे यूपीआय खाते वेगळे ठेवा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात केवळ यूपीआयच्या जमा रकमांवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या. त्यांत करमाफ दूध-भाजी विकणारेही होते. पुढे शासनाला खुलासे करावे लागले, पण तोवर कित्येकांनी दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या होत्या.

आणि शेवटची, अगदी व्यवहाराची गोष्ट. नोंदणी रद्द करण्याची नोटीस टपालाने येत नाही. ती संकेतस्थळावर आणि ई-मेलवर येते आणि उत्तराला सात कामकाजाचे दिवस असतात. गावोगावच्या कित्येक नोंदण्यांत दुकानदाराचा मोबाईल क्रमांक नसतोच. असतो तो सल्लागाराचा. सल्लागार बदलला, त्याने क्रमांक बदलला की नोटीस कोणालाच दिसत नाही, आणि कारखाना बिल परत पाठवतो तेव्हा कळते की नोंदणी तीन महिन्यांपूर्वीच रद्द झाली आहे. तिच्या पुनःस्थापनेचा अर्ज साधारणपणे नव्वद दिवसांत करावा लागतो. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर आपल्या नोंदणीत कोणाचा क्रमांक आहे, तेवढे आधी पाहून घ्या. दुसऱ्याचा असेल तर तो बदलून घेण्याची सोय संकेतस्थळावर आहे. आता आपल्या काही शंका असतील तर विचाराव्यात.