स्वर बारा, पण जागा कोणाला?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाश्चात्त्य अभिजात संगीताचा आणि आपल्या चळवळीचा काय संबंध, असं काहीजणींना वाटेल. संबंध आहे. इतिहासातून बायका कशा गळतात, हे इथे अगदी स्वच्छ दिसतं.

एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक संगीताला एक घर होतं. रचना एका मुख्य स्वराभोवती फिरे आणि शेवटी तिथेच विसावे. आपल्या षड्जासारखं समजा. १९०८च्या सुमारास व्हिएन्नात शोनबर्गने हे घरच सोडलं. पुढे १९२०नंतर त्याने बाराही स्वरांना सारखा दर्जा देणारी पद्धत बसवली. १९१३ साली पॅरिसमध्ये स्ट्राव्हिन्स्कीने लयीची जुनी चौकट मोडली. बहुतेक पुस्तकांत इथून पुढे पुरुषांच्याच नावांची रांग लागते.

त्याच साली, त्याच पॅरिसमध्ये, १९ वर्षांच्या लिली बूलांजेने संगीतरचनेचं पहिलं रोम पारितोषिक मिळवलं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. संगीतासाठी हे पारितोषिक १८०३पासून होतं, पण बायकांना स्पर्धेत प्रवेश मिळाला १९०३मध्ये. शंभर वर्षं दार बंद. उघडल्यावर दहा वर्षांत एक मुलगी पहिली! १९१८ साली, २४व्या वर्षी ती आजारपणात गेली.

दुसरी रूथ क्रॉफर्ड, अमेरिकन. १९३० साली संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली स्त्री. त्या पैशावर ती युरोपात राहिली आणि १९३१ साली चार तंतुवाद्यांसाठी तिने एक रचना केली. तिच्या तिसऱ्या भागात चारही वाद्यं लांब स्वर धरून ठेवतात. एकाचा आवाज फुगतो, ओसरतो, मग दुसऱ्याचा. धून कुणा एकाच्या हातात नसते. ती चौघांमधून उमटते. पुढारी कोणीच नाही!

१९३२ साली तिचं लग्न झालं. चार मुलं, घर, पियानोच्या शिकवण्या. शिवाय लोकगीतांचं स्वरलेखन आणि संपादन. ती डाव्या विचारांची होती; लोकांच्या गाण्यांकडे वळणं ही तिची राजकीय निवडही होती. ते काम मोठंच आहे. पण स्वतःच्या रचना जवळजवळ थांबल्या. १९५२ साली तिने पुन्हा एक महत्त्वाची रचना केली आणि १९५३मध्ये, ५२व्या वर्षी, कॅन्सरने ती गेली. आपण मोर्च्यात 'हम होंगे कामयाब' म्हणतो. त्याचं मूळ इंग्रजी गाणं जगभर पोचवणाऱ्या पीट सीगरची ती सावत्र आई. त्याचं नाव आपल्याला ठाऊक असतं, तिचं नसतं.

आता ही गोष्ट जुनी झाली असं म्हणाल, तर दोन तारखा ऐका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात एका स्त्रीने रचलेला ऑपेरा पहिल्यांदा झाला १९०३ साली, एथेल स्मिथचा. दुसरा झाला २०१६ साली, काया सारियाहो हिचा. मध्ये ११३ वर्षं! व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर स्त्रीला सभासद करून घेतलं १९९७मध्ये.

'बायकांत मोठे संगीतकार का झाले नाहीत?' असं कोणी विचारलं, तर आपण उलट विचारावं: स्पर्धेचं दार कधी उघडलं? स्वतःच्या कामासाठी सलग एक वर्ष कुणाला मिळालं? वाद्यवृंद कुणाची रचना वाजवायला बसला? स्वर सगळे सारखे, हे मान्य करायला संगीताला फार वेळ लागला नाही. माणसांच्या बाबतीत मात्र तो हिशेब अजून बाकी आहे.