केशरोपण आणि औषधोपचार : खर्च करण्यापूर्वी समजून घ्या

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत टकलावर भाषण आहे हे वाचून काहींना हसू आले असेल. हसण्यास आमची हरकत नाही. परंतु ज्या मुलाचे केस बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीच मागे सरकू लागतात, त्याला हसू येत नाही. तो टोपी घालून बाहेर पडतो, फोटोत मागच्या रांगेत उभा राहतो, आणि एक दिवस जाहिरात पाहून केशरोपण केंद्रात जातो. तेथे त्याला हप्त्याने पैसे भरण्याची सोय सांगितली जाते. घरात बहिणीचे शिक्षण, आईवडिलांचे आजारपण असे खर्च उभे असताना हा निर्णय अर्धवट माहितीवर घेतला जाऊ नये, एवढ्याचसाठी आम्ही आज हा विषय घेतला आहे.

प्रथम टक्कल का पडते ते पाहू. तेल न लावल्याने, टोपी घातल्याने किंवा बोअरच्या पाण्याने पुरुषी टक्कल पडत नाही. आपल्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, हे दुसरे संप्रेरक तयार होते. ज्यांच्याकडे आनुवंशिक प्रवृत्ती आहे, त्यांच्या कपाळावरील व टाळूवरील केशमुळे या डीएचटीमुळे हळूहळू आकसतात. केस बारीक होतो, आखूड होतो आणि शेवटी दिसेनासा होतो. अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांना असे टक्कल पडत नाही. म्हणजे आनुवंशिकता आणि संप्रेरक या दोन्हींचा हा परिणाम आहे. यात त्या माणसाचा काही दोष नाही.

मात्र डोक्याच्या मागील व कानांवरील केसांवर डीएचटीचा असा परिणाम सहसा होत नाही. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले की, मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळचा गुण सोडत नाही. आजचे सारे केशरोपण या एका तत्त्वावर उभे आहे. मागील भागातून एक ते चार केसांचे नैसर्गिक झुबके, म्हणजे ग्राफ्ट, काढावयाचे आणि पुढे रोवावयाचे.

आता मुख्य मुद्दा नीट ध्यानात घ्या. शस्त्रक्रिया केसांची जागा बदलते. ती टक्कल थांबवीत नाही, आणि नवा केसही निर्माण करीत नाही. रोवलेला केस टिकतो, पण त्याच्या शेजारचा मूळचा केस आकसतच राहतो. एका वाफ्यात नवी रोपे लावली आणि बाजूचे वाफे वाळत गेले तर शेत कसे दिसेल? चोविसाव्या वर्षी पुढची ओळ भरून घेतलेल्या तरुणाच्या बाबतीत हेच घडू शकते. काही वर्षांनी पुढे केसांची पट्टी आणि तिच्यामागे मोकळी जागा! मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च. शिवाय मागील भागातील साठा मर्यादित आहे. तेथून काढलेला केस तेथे पुन्हा उगवत नाही.

म्हणूनच शस्त्रक्रियेच्या जोडीला औषधाचा विचार करावा लागतो. यात प्रामुख्याने दोन औषधे येतात.

पहिले मिनॉक्सिडिल. हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसले, आणि त्यातून डोक्याला लावण्याचे द्रावण तयार झाले. अमेरिकेत १९८८ साली त्यास मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त गळताना दिसतात. त्यामुळे घाबरून अनेकजण ते सोडून देतात. वापर थांबविला की मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो.

दुसरे फिनास्टेराइड. ही गोळी प्रोस्टेटच्या वाढीसाठी १९९२ साली आणि टकलासाठी एक मिलिग्रॅम मात्रेत १९९७ साली अमेरिकेत मान्य झाली. ती रक्तातील डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी कमी करते. ७९ पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधीपासून ४८ आठवडे नंतरपर्यंत काहींना ही गोळी, तर काहींना औषध नसलेली तशीच गोळी दिली होती. केसांत दिसण्याजोगी वाढ औषध घेणाऱ्यांपैकी ९४ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात ६७ टक्क्यांना आढळली. अभ्यास लहान आहे, पण दिशा दाखविणारा आहे.

परंतु मित्रहो, औषध म्हटले की त्याची दुसरी बाजूही आली. फिनास्टेराइडमुळे काही थोड्या पुरुषांना लैंगिक इच्छा कमी होणे, ताठरता न येणे असे त्रास होतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ साली आत्महत्येचे विचार हाही या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. मन उदास राहू लागले तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावे आणि घरच्यांनाही सांगावे. पूर्वी नैराश्य आले असल्यास ते आधीच सांगावे. गर्भवती स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये, कारण पोटातील मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. रक्तदान शिबिरांत पुढे असणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवावे की, ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिनाभर रक्तदान करू नये. प्रोस्टेटची पीएसए तपासणी करतानाही डॉक्टरांना गोळीची कल्पना द्यावी, कारण तो आकडा निम्म्यावर येतो. मिनॉक्सिडिलने टाळूस खाज येऊ शकते. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी विचारावे.

आता काळाचा हिशेब. रोवलेले केस दोन-चार आठवड्यांत बहुधा गळून पडतात, पण मुळे आत जिवंत असतात. तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा उगवू लागतात, आणि खरा परिणाम वर्षभराने कळतो. औषधांनाही काही महिने द्यावे लागतात. त्यामुळे तरुण रुग्णाने आधी वर्षभर औषध घेऊन गळती स्थिरावते का ते पाहावे आणि मगच शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा, हा मार्ग शहाणपणाचा. "आज या, उद्या केस" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. आपल्या औषध नियमावलीच्या 'जे' परिशिष्टात टकलाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे टक्कल बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही.

ही शस्त्रक्रिया आहे, सलूनमधील काम नव्हे. २०१६ साली चेन्नईत वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याचा आणि २०१९ साली मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बजावले की, प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच केशरोपण करावे. चित्रफिती पाहून किंवा कार्यशाळेत बसून हे कौशल्य येत नाही. तेव्हा चार प्रश्न अवश्य विचारा. ग्राफ्ट काढणार कोण व रोवणार कोण? त्यांची पदवी काय? अडचण आल्यास तातडीच्या उपचारांची सोय कोणती? आणि पुढील दहा वर्षे औषधांचा खर्च किती? चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, पण हप्ते फिटल्यावरही हा खर्च चालूच राहतो.

शेवटी एक सांगतो. पुरुषी टक्कल जिवावर बेतणारे नाही. उपचार करावेत की करू नयेत, हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. करणाऱ्यास कोणी नटवा म्हणू नये, न करणाऱ्यास कोणी टकल्या म्हणून हिणवू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी आणि मित्रांनी ही थट्टा थांबविली, तर कित्येक मुले घाईघाईने कर्ज काढण्याच्या मार्गास जाणारच नाहीत. आणि ज्यांना उपचार घ्यावयाचे आहेत, त्यांनी प्रश्न विचारून, हिशेब मांडून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावेत.