धूमकेतू, रोलचा कॅमेरा आणि आपली गच्ची

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



१९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. मी तेव्हा गडचिरोली शाखेत होतो. गावाबाहेर जंगलाच्या कडेला अंधार इतका, की शेपटीसुद्धा स्पष्ट दिसे.

फोटोची रीत साधी. ४०० एएसएचा रोल, ५० मिमीची लेन्स पूर्ण उघडी, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर ‘बी’वर, केबल दाबून पंधरापर्यंत मोजायचे. जास्त मोजले तर पृथ्वी फिरते, ताऱ्यांच्या रेघा येतात. रोलचा पहिला फोटो दिवसा काढायचा, म्हणजे स्टुडिओवाल्याला निगेटिव्ह कुठे कापायची ते कळते.

आज हे काम मोबाइल करतो. पण अंधार मोबाइलमध्ये मिळत नाही, आणि चंद्रपुरात तो कमी होत चाललाय. हेल-बॉप पुन्हा सुमारे २४०० वर्षांनी येईल. दुसरा एखादा कधीही येईल.

म्हणून सोसायटीकडे एकच मागणे : दर अमावस्येला फाटकावरचा दिवा सोडून गच्चीचे आणि आवारातले दिवे तासभर बंद ठेवू या. घाबरू नका, आकाश बघायला तीच रात्र शुभ! मुलांना तारे ओळखायला शिकवायचे काम माझ्याकडे.