हलक्या शत्रूचा पाठलाग

चैत्री पौर्णिमेची यात्रा ओसरून आठ दिवस झाले असतील. माझ्या भाच्याला घेऊन मी कोल्हापुराहून जोतिबाच्या दर्शनास गेलों होतों. वाडी रत्नागिरीच्या त्या डोंगरावर पायऱ्यांच्या सांदींत अजून गुलाल होता. उंच सासनकाठ्या आपापल्या गांवीं परतल्या होत्या. पण ‘चांगभलं’चा घोष कानांत रेंगाळत असल्यासारखा वाटत होता. दर्शन घेऊन आम्ही दोघे पन्हाळ्याकडे तोंड करून एका कट्ट्यावर बसलों. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा, एरवीं बडबड्या; त्या दिवशीं मात्र गप्प. विचारलें तेव्हां कळलें, कीं आदल्या रात्रीं संगणकावरच्या एका लढाईंत त्याचा पराभव झाला होता, आणि पराभवापेक्षांही सोबत्यांचे बोल त्याला लागले होते. त्या कट्ट्यावर आमचें जें बोलणें झालें, तेंच आज आपणांस ऐकवावें असा माझा विचार आहे.

ज्यांच्या घरांत हा खेळ शिरलेला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. १९८४ सालीं अमेरिकेंत एक पटावरचा खेळ निघाला. तो पुढें ‘बॅटलटेक’ या नांवानें प्रसिद्ध झाला. त्यांत माणसानें आंत बसून चालवावयाचीं प्रचंड यंत्रें एकमेकांशीं लढतात; या यंत्रांना ‘मेक’ म्हणतात. त्याच कल्पनेवरून संगणकावरचे खेळ झाले. २०१३ सालचा ‘मेकवॉरियर ऑनलाइन’ हा त्यांपैकीं एक. त्यांत बारा-बारा खेळाडूंचे दोन संघ, आपापल्या घरीं बसून, एकाच रणांगणावर लढतात. सर्वांत हलका मेक २० टनांचा, सर्वांत जड १०० टनांचा. ३५ टनांपर्यंतच्यांना हलके म्हणतात. हलक्यांचें चिलखत पातळ, शस्त्रें थोडीं. पण जड मेक ताशीं ५०-६० किलोमीटर चालतो, तेव्हां हे शंभराच्याही पलीकडे धावतात.

“मामा,” भाचा म्हणाला, “मी शंभर टनांचा मेक घेतों. समोर उभं राहून माझ्याशीं कुणी सहसा लढत नाहीं. पण एखादा पंचवीस टनांचा किरकोळ मेक येतो, माझ्याभोंवतीं गिरक्या घेतो, पाठीवर दोन डाग देतो आणि मी वळेपर्यंत नाहींसा होतो. काल मी चिडून त्याच्यामागें धावलों. त्यानं मला टेकडीपलीकडे नेलं. तिथं त्याचे आणखी दोघे सोबती टपून होते. मी तर मेलोंच. पण इकडे आमच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हां सर्वांत मोठी तोफ जागेवर नव्हती. आतां तुम्हीच सांगा, आपण जड असलों तर हलक्याशीं लढायचं कसं?”

मी शिपाई नव्हे, आणि त्याचा खेळही कधीं खेळलेला नाहीं. पण इतिहास वाचणाऱ्याला हा प्रश्न नवा वाटूं नये. महाराष्ट्राच्या युद्धकथेचा बराच मोठा भाग याच प्रश्नानें व्यापलेला आहे. फरक इतकाच, कीं त्या कथेंत गिरक्या घेणारे हलके स्वार बहुधा आपण होतों, आणि चिडून धावणारें जड सैन्य समोरचें होतें. ज्यानें फास टाकला त्यालाच तो कसा चुकवावा हें अधिक ठाऊक असणार!

“आपण आतां ज्या देवळांतून आलों, तें कुणीं बांधलं, ठाऊक आहे?” मीं विचारलें. त्यानें मान हलविली. केदारनाथाचें तें मुख्य देऊळ १७३० सालीं राणोजी शिंदे यांनीं बांधविलें. जोतिबा हें शिंद्यांचें कुलदैवत. देऊळ उभें राहण्यापूर्वीं दोनच वर्षें राणोजी बाजीरावांबरोबर पालखेडच्या मोहिमेंत होते. निजामउल्मुल्कानें पुण्यापर्यंत धडक मारली होती, आणि त्याच्याजवळ त्या काळचा नामांकित तोफखाना होता. बाजीरावांनीं त्या तोफांसमोर उभें राहण्याचेंच नाकारलें. ते खानदेशांत व गुजराथेंत फिरले, बऱ्हाणपुरास त्यांनीं धाक घातला, आणि निजामाला पुणें सोडून त्यांच्या रोखानें निघावें लागलें. वेग वाढावा म्हणून त्यानें जड तोफा मागें ठेविल्या. फेब्रुवारी १७२८ मध्यें वैजापुराजवळ पालखेड येथें तो मराठी घोडदळाच्या वेढ्यांत सांपडला. पाणी तुटलें, दाणावैरण तुटली, आणि मार्च महिन्यांत त्याला मुंगी-शेवगांवचा तह करावा लागला.

निजामाचें सैन्य जड होतें, यांत त्याची कांहींच चूक नव्हती. जडपणा हेंच त्याचें बळ होतें. तें बळ त्यानें आपल्या हातानें मागें ठेविलें, आणि ज्या विद्येंत शत्रु निपुण त्याच विद्येंत त्याच्याशीं स्पर्धा मांडली. “तूं काल टेकडीपलीकडे गेलास तेव्हां हेंच केलंस,” मी म्हणालों. “त्याच्या छोट्या शस्त्रानं तुझं फारसं बिघडलं नव्हतं. तुला हलविलं तें तुझ्या रागानं. आणि तो राग आणण्यासाठींच तर त्यानं ते दोन डाग दिले होते.”

मुलगा थोडा वेळ समोर पाहत राहिला. समोर पन्हाळा होता. मी म्हणालों, दुसरें उत्तर तेथून निघतें. सिद्दी जौहराच्या वेढ्यांतून १२ जुलै १६६० च्या पावसाळी रात्रीं शिवाजीमहाराज निसटले आणि विशाळगडाच्या वाटेस लागले. सिद्दी मसूद स्वार घेऊन पाठीस लागला. मोकळ्या माळावर थकलेल्या मावळ्यांना त्या स्वारांनीं सहज घेरलें असतें. बाजीप्रभु देशपांडे मूठभर लोक घेऊन उभे राहिले ते घोडखिंडींत. अरुंद, निसरड्या खिंडींत घोड्याचा वेग वायां जातो. बाजूनें वळसा घालण्यास वाट नसते. जितके आंत शिरतील तितकेच लढूं शकतात. महाराज गडावर पोंचेपर्यंत खिंड राखली गेली. बाजीप्रभूंनीं तिच्यासाठीं प्राण दिला, आणि पुढें लोक तिला पावनखिंड म्हणूं लागले.

“म्हणजे मीं दोन इमारतींच्या मधल्या बोळांत उभं राहायचं?” भाच्यानें विचारलें.

होय. मेकच्या पाठीचें चिलखत पुढच्यापेक्षां बहुधा फारच पातळ ठेविलेलें असतें. पाठीशीं भिंत असली कीं तें आपोआप झांकलें जातें, आणि गिरक्या घेणाऱ्याला समोरूनच यावें लागतें. मात्र एक पथ्य पाळलें पाहिजे. जी वाट शत्रूला धरावीच लागणार होती, तिच्यावर बाजीप्रभूंची खिंड होती. ज्या कोपऱ्याकडे येण्याची शत्रूला गरजच नाहीं, तेथें सुरक्षित बसून राहणें म्हणजे लढाई सोडून जाण्यासारखेंच आहे. आपल्या संघाला जें राखावयाचें आहे, तें जेथून आपल्या माऱ्यांत राहील, तीच जागा धरावी.

पण खिंड नसेल आणि माळावरच गांठ पडली तर? त्याचेंही उत्तर देवळाच्या याच घराण्यांत सांपडतें. राणोजींचे पुत्र महादजी शिंदे यांनीं १७८७ सालीं लालसोटच्या रणांत राठोड स्वारांचा तडाखा अनुभवला होता. सव्हॉय प्रांताचा डी बॉयन हा त्यांच्या पदरीं होता. त्याच्याकडून त्यांनीं कवायती पायदळाचे कंपू वाढविले. सप्टेंबर १७९० मध्यें मेडता येथें राठोडांनीं या पायदळावर पुनःपुन्हां हल्ले चढविले. राठोड शौर्यांत कोणाला हार जाणारे नव्हते. डी बॉयनच्या पलटणींनीं पोकळ चौकोन केला. चारी बाजूंस बंदुका रोखलेल्या, कोणाचीच पाठ उघडी नाहीं. घोडे चोहों बाजूंनीं येऊन आदळले, पण आंत शिरावयास फट सांपडली नाहीं. आणि त्या निर्भय स्वारांचा मोड झाला.

“तुझा चौकोन म्हणजे तुझे सोबती,” मी म्हणालों. दोन जड मेक असे उभे राहिले, कीं एकाची पाठ दुसऱ्याच्या नजरेंत असावी, तर गिरकी घेणारा एकाच्या पाठीशीं जातांना दुसऱ्याच्या तोंडीं येतो. मग बाकीचें त्यानेंच मला समजावून सांगितलें, आणि तें मला फार मनोरंजक वाटलें. हलक्या मेकच्या धडावर नेम धरूं नये, पायांवर धरावा. एक पाय निकामी झाला कीं त्याचा वेग जातो, आणि वेग गेला कीं त्याच्याजवळ दुसरें कांहींच उरत नाहीं. लेसरचा किरण तत्काळ पोंचतो. तोफेचा गोळा मात्र शत्रु जेथें आहे तेथें न टाकतां जेथें जाणार आहे तेथें टाकावा. आणि प्रत्येक बारागणिक आपलें यंत्र तापतें. घाईनें सगळीं शस्त्रें एकदम सोडलीं तर तें अति तापून क्षणभर बंद पडतें. हलका शत्रु त्याच क्षणाची वाट पाहत नाचत असतो. हें सर्व त्याला ठाऊक होतें! ठाऊक असूनही आदल्या रात्रीं तें त्याच्या हातून घडलें नव्हतें, कारण तो धावत होता.

शेवटीं त्यानें एक शंका काढली, आणि ती रास्त होती. “मग जडानं कधींच धावायचं नाहीं का?”

धावावें, पण शत्रु नेईल तिकडे जाऊं नये. १८०४ च्या उन्हाळ्यापासून यशवंतराव होळकरांच्या घोडदळानें इंग्रजांस सळो कीं पळो करून सोडलें होतें. कर्नल मॉन्सनची फौज त्यांनीं मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पिटाळली. पुढें नोव्हेंबरांत जनरल लेकनें पायदळ मागें ठेवून, घोडदळ आणि घोड्यांच्या हलक्या तोफा घेऊन त्यांचा माग काढला. शेवटच्या २४ तासांत सुमारें ७० मैल तोडून १७ नोव्हेंबरच्या पहांटे फर्रुखाबादेजवळ त्यानें होळकरांची छावणी झोपेंत गांठली. यशवंतराव स्वतः निसटले, पण फौजेची दाणादाण झाली. वरवर पाहतां लेकनेंही निजामाप्रमाणेंच आपला भार मागें टाकला. परंतु निजाम शत्रूनें हिसका दिला तिकडे ओढला गेला. लेक अशा ठिकाणीं गेला, जेथें शत्रु उतरला होता आणि त्याचे घोडे बांधलेले होते. वेगवान शत्रूलाही कोठें तरी थांबावें लागतें. तें ठिकाण ठाऊक असेल तर अवश्य धावावें; नसेल तर आपली खिंड धरावी.

त्या रात्रीं घरीं मी त्याच्या शेजारीं खुर्ची घेऊन बसलों. एका चौकाच्या तोंडाशीं, दोन उंच भिंतींच्या मधोमध, त्यानें आपला अजस्र मेक उभा केला. थोड्याच वेळांत एक चिमुकला शत्रु आला, दोन डाग देऊन पसार झाला. मुलाचा हात शिवशिवला, हें मला दिसलें. तो जागचा हलला नाहीं. शत्रु पुन्हां आला. या खेपेस अधिक धीटपणें, अधिक जवळ. एकच बार झाला आणि तो लंगडूं लागला. पलीकडच्या सोबत्यानें त्याला संपविलें. आणखी एकाची तीच गत झाली. श्रोतेहो, मी खोटें सांगणार नाहीं: ती लढाई त्याचा संघ हरलाच. पण चौक शेवटपर्यंत पडला नाहीं, आणि खेळ संपल्यावर सोबत्यांपैकीं कोणीं तरी त्याला लिहिलें, कीं उद्यांही हाच चौक तूंच धर.

जोतिबाचें वाहन घोडा आहे. वेगाला आपल्याकडे देवाजवळ जागा आहे, आणि ती असावीच. पण त्या रात्रीं झोंपण्यापूर्वीं भाच्यानें मला जें विचारलें, तें मी अजून विसरलों नाहीं. “मामा,” तो म्हणाला, “तो पहिल्यांदा पळाला तेव्हां मी उभा राहिलों, हें सगळ्यांत अवघड होतं. बाजीप्रभूंनासुद्धां तसंच वाटलं असेल का?”

मीं दिवा मालवला. उत्तर द्यावयास माझ्याजवळ कांहीं नव्हतें.