रानरेड्याच्या मागावर जाण्यापूर्वी

वाघाच्या शिकारीच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. रानरेड्याच्या मानाने थोड्याच. इंद्रावतीकाठच्या अरण्यात पूर्वी या शिकारीस निघणाऱ्याला आधी ऋतू पाहावा लागे. पावसाळ्यात नाले वाट अडवीत. उन्हाळ्यात गवत वाळून जाई आणि पाणी मोजक्याच डोहांत उरे. शिधा, औषधे, सारे बरोबर न्यायचे. पाऊण टनाहून जड अशा त्या जनावरापुढे हलकी रायफल म्हणजे थट्टाच! कातडे आणि हाड भेदणारी भरीव गोळी हवी. शिवाय वाऱ्याची दिशा पाहायला चिमूटभर राख, कारण त्याचे नाक फार तिखट.

पण खरी तयारी निराळीच. गोळी वर्मी न बसल्यास जखमी रेडा बांबूच्या दाटीत शिरणार आणि त्याचा माग काढीत सर्वांत पुढे चालणार तो हाती केवळ कुऱ्हाड असलेला माडिया सोबती. तेव्हा नेम खात्रीचा नसेल तर बार काढायचा नाही, हे मुक्कामावरच ठरवून निघावे लागे. साऱ्या सामानात मला ही अटच मोलाची वाटते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद झाली. गडचिरोलीतील कोलामार्काचे रान २०१३ मध्ये रानम्हशींसाठी राखण्यात आले. तिथे माग आजही काढावा लागतो, तो त्यांच्या रक्षणासाठी.