क्षयरोगी मुलांची परिचर्या आणि छातीची फिजिओथेरपी

मुलांच्या क्षयरोगात मुख्य उपचार अनेक महिने नियमाने घ्यावयाच्या औषधांचाच असतो आणि छातीची फिजिओथेरपी, म्हणजे शरीराची विशिष्ट स्थिती, हलकी थाप व श्वासाचे व्यायाम यांच्या साहाय्याने श्वासमार्गातील कफ सुटा करण्याची पद्धत, त्याची जागा घेऊ शकत नाही. लहान मुले कफ बहुधा गिळून टाकतात व तो पुष्कळदा थोडाच असतो, म्हणून ही पद्धत प्रत्येक मुलाला लागत नाही. मात्र रोगाने श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचत राहिला, तर तिचे मोल मोठे असते.

डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार परिचारिका जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर सुमारे 2 तासांनी, पातळ कापडावरून, तळहात खोलगट करून थाप देते आणि पाठीचा कणा, छातीचे मधले हाड व पोट कटाक्षाने टाळते. खोकल्यातून रक्त येत असल्यास किंवा मेंदूच्या आवरणाचा क्षय असल्यास थाप देणे धोक्याचे ठरते.

मावळात, विशेषतः लोणावळ्यात, पावसाळ्यातील धुके व ओल यांमुळे खिडक्या लावून घेतल्या जातात, परंतु या उपचाराने खोकला वाढतो व कोंदट खोलीत जंतू हवेत रेंगाळतात. म्हणून तो पावसाच्या झडीपासून आडोसा असलेल्या मोकळ्या पडवीत करणे अधिक सुरक्षित असते. परिचारिकेने एन-95 मुखपट्टी वापरावी, थुंकी झाकणाच्या डब्यात घ्यावी आणि घरी हे करावयाचे असल्यास मुलाच्या आईवडिलांकडून ते आपल्यासमोर करून घ्यावे, कारण नुसत्या तोंडी सूचनेने थापेचा जोर कळत नाही.